राष्ट्रीय उद्यानातील सजीव-निर्जीव घटकांची नोंद कशी करावी: बोरिवलीच्या जंगलातील प्रकल्पासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पर्यावरण प्रकल्पांत राष्ट्रीय उद्यानाच्या परिसंस्थेवरील वही बहुधा एकाच साच्यातून निघालेली असते. एका पानावर दोन रकाने आखलेले असतात. डावीकडे हवा, पाणी, माती, खडक, सूर्यप्रकाश आणि उजवीकडे बिबट्या, हरीण, माकड, मोर, साप. असा तक्ता उद्यानात पाऊल न टाकताही भरता येतो, आणि बऱ्याचदा तो तसाच भरलेला असतो. एखाद्या जागेचा उजेड, ओलावा, माती आणि पाणी यांच्यामुळे तिथे कोणते सजीव टिकतात, आणि ते सजीव त्याच जागेच्या मातीत व पाण्यात काय बदल घडवतात, हे दाखवल्याशिवाय प्रकल्प परिसंस्थेचा होत नाही. त्यासाठी निर्जीव घटकाची मोजणी आणि सजीवाची नोंद एकाच जागी, एकाच दिवशी करावी लागते. पुढील पद्धत मुंबईतील बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान समोर ठेवून लिहिली आहे. विद्यार्थी, पालक आणि मार्गदर्शक शिक्षक अशा तिघांनीही ती निघण्यापूर्वी पूर्ण वाचावी, कारण बहुतेक चुका उद्यानाच्या फाटकात शिरण्याआधीच झालेल्या असतात.

## टप्पा १: प्रश्न लहान करावा आणि जागा निवडावी

संपूर्ण उद्यानाची परिसंस्था हा विषय एका प्रकल्पात मावत नाही. १०० चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक क्षेत्राच्या या उद्यानात पानझडी जंगल आहे, उघडे कातळ आहेत, ओढे आहेत, तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत आणि उत्तरेला वसई खाडीच्या काठाने खारफुटीही आहे. यांतील प्रत्येक ठिकाणचे निर्जीव घटक वेगळे, म्हणून सजीवही वेगळे. सगळ्यांची सरमिसळ केल्यास हाती पुन्हा यादीच लागते.

प्रश्न तुलनेचा असावा. उदाहरणार्थ: ओढ्याकाठच्या दाट सावलीत आणि उघड्या कातळालगतच्या पट्ट्यात तापमान, ओलावा आणि मातीची खोली यांत किती फरक आहे, आणि त्या फरकानुसार वनस्पती व कीटक कसे बदलतात? असा प्रश्न ठरला की काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे हे आपोआप स्पष्ट होते.

त्यानंतर दोन पट्टे निवडावेत. प्रत्येक पट्टा ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद असावा, आणि तो परवानगी असलेल्या पायवाटेच्या कडेनेच असावा, म्हणजे वाट न सोडता सगळे दिसेल. पट्ट्याची सुरुवात आणि शेवट ओळखण्यासाठी झाडाला रंग लावू नये, खिळा ठोकू नये किंवा दोरी बांधून ठेवू नये. ठळक खुणेचे छायाचित्र आणि मोबाइलवरील अक्षांश-रेखांश पुरेसे असतात.

सामान्य चूक: पट्टा प्रवेशद्वाराजवळ घेणे. तिथे मुद्दाम लावलेली झाडे आहेत, नौकाविहाराचे तळे आहे, वर्दळ आहे आणि लोकांच्या हातून खाऊ घेण्यास सोकावलेली माकडे आहेत. हा परिसर अभ्यासाला निषिद्ध नाही. पण त्याला नैसर्गिक जंगलाचा नमुना म्हणून सादर करता येत नाही.

इशारा: तुळशी आणि विहार हे तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे आहेत आणि दोन्हींत मगरी आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात त्यांच्या काठावरील मोजणी ठेवूच नये.

## टप्पा २: परवानगी, साधने आणि घरची तालीम

तिकीट काढून आत जाणे आणि अभ्यासासाठी मोजणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वन्यजीव किंवा वनउपज काढून नेता येत नाही, आणि वनउपजात पाने, फुले, बिया यांच्याबरोबर मातीचा वरचा थर आणि दगडही येतात. म्हणून महाविद्यालयाच्या पत्रासह वन विभागाकडे आधीच अर्ज करावा आणि त्यात कोणती जागा, किती जण, कोणती साधने, मातीला किंवा पाण्याला हात लागणार आहे का, हे स्पष्ट लिहावे. नमुना बाहेर नेणार नाही, सर्व मोजणी जागेवरच होईल, असे अर्जात नमूद केल्यास काम सोपे होते. उद्यान सोमवारी बंद असते, हेही तारीख ठरवताना ध्यानात ठेवावे. काही पायवाटांवर मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नसतो, त्यामुळे निवडलेल्या वाटेची चौकशी उद्यानातील निसर्ग माहिती केंद्रात अगोदर करावी.

साधने महागडी लागत नाहीत. एकाच प्रकारचे दोन तापमापक, मलमलच्या कापडाची पट्टी, मोजपट्टी, सामू (pH, म्हणजे आम्लता) मोजण्याचे कागद, ऊर्ध्वपातित पाण्याची छोटी बाटली, पारदर्शक काचेची बाटली, चमचा, भिंग, होकायंत्र, घड्याळ आणि पेन्सिल एवढे पुरते. शाईचे पेन नको. पावसाळ्यात नोंदवहीचे पान भिजले की शाई पसरते.

दोन्ही तापमापक घरी एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून ठेवावेत आणि पाच मिनिटांनी वाचावेत. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक आढळला तर तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि पुढे प्रत्येक नोंदीत वजा किंवा अधिक करावा. ही साधी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, आणि मग साधनांतला फरक जंगलातला फरक म्हणून छापला जातो.

निघण्यापूर्वी तपासा: तक्त्याचे रकाने आखून झाले आहेत का? प्रत्येक रकान्याला एकक लिहिले आहे का? शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवारात एकदा पूर्ण तालीम झाली आहे का?

## टप्पा ३: निर्जीव घटक आधी मोजावेत

पट्ट्यावर पोहोचल्यावर कामाचा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. सजीवांपासून सुरुवात केली की सगळा गट पक्ष्यामागे आणि फुलपाखरामागे जातो आणि तापमापक पिशवीतच राहतो. अपवाद फक्त पक्ष्यांचा. आपल्या हालचालीने पक्षी उडून जातात, म्हणून पोहोचताच १० मिनिटे एका जागी शांत उभे राहून दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी नोंदवावेत, आणि मगच साधने बाहेर काढावीत.

हवेचे तापमान जमिनीपासून सुमारे १.२ ते १.५ मीटर उंचीवर, सावलीत, खोडाला किंवा हाताला न टेकवता मोजावे आणि ५ मिनिटे थांबून वाचावे. उन्हात धरलेला तापमापक हवेचे नव्हे तर तापलेल्या काचेचे तापमान सांगतो. उघड्या कातळाच्या पट्ट्यात सावली नसेल तर पाठीची किंवा पुठ्ठ्याची सावली करावी.

आर्द्रतेसाठी दुसऱ्या तापमापकाच्या फुग्यावर मलमलची ओली पट्टी गुंडाळून जोराने वारा घालत राहावे आणि पारा उतरायचा थांबला की वाचावे. कोरडा आणि ओला यांतील फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. कोरडा ३० अंश आणि ओला २५ अंश सेल्सिअस असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्के येते. इतर जोड्यांसाठी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील तक्ता वापरावा.

उजेड मोबाइलवरील ॲपने मोजता येतो, पण दोन मोबाइलचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून एकाच मोबाइलने झाडांच्या छताखाली आणि लगेच जवळच्या उघड्यावर मोजून गुणोत्तर लिहावे. उघड्यावरच्या उजेडाच्या किती टक्के उजेड जमिनीपर्यंत पोहोचतो, हाच उपयोगी आकडा आहे.

मातीकडे अधिक वेळ द्यावा. चमचाभर ओलसर माती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टी काढावी. २.५ सेंटिमीटरच्या आतच पट्टी तुटली तर माती वालुकामय किंवा पोयट्याची, २.५ ते ५ सेंटिमीटरपर्यंत टिकली तर चिकण पोयट्याची आणि त्याहून लांब गेली तर चिकणमाती समजावी. सामूसाठी १ भाग माती आणि ५ भाग ऊर्ध्वपातित पाणी बाटलीत हलवून, गाळ बसू द्यावा आणि वरच्या पाण्यात कागद बुडवावा. काम झाले की माती तिथल्या तिथे परत टाकावी. मातीची खोली मोजण्यासाठी खड्डा खणू नये. पायवाटेच्या कडेला पाण्याने कापलेला काठ असेल तर तिथे बेसाल्ट खडकावर मातीचा थर किती जाड आहे हे मोजपट्टी लावून दिसते. उताराची दिशा होकायंत्राने पाहावी, कारण पश्चिमेकडे तोंड असलेला उतार दुपारच्या उन्हात अधिक तापतो.

ओढ्यात पाणी असल्यास त्याचे तापमान, गढूळपणा आणि वेग नोंदवावा. ५ मीटरचे अंतर मोजून त्यात वाळलेले पान सोडावे. पान २० सेकंदांत पोहोचले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर, तळाच्या घर्षणामुळे सरासरी वेग त्याहून कमी असतो, म्हणून ०.८५ ने गुणावे. पाण्याच्या तापमानाचा सजीवांशी थेट संबंध आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात उरलेल्या कोमट, साचलेल्या डबक्यात वाहत्या ओढ्यातील कीटकांच्या अळ्या का दिसत नाहीत, याचे एक उत्तर इथे आहे.

इशारा: पायाला जखम असल्यास ओढ्यात उतरू नये, पावसाळ्यात मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. वरच्या बाजूला पाऊस चालू असल्यास ओढ्यापासून दूर राहावे, पाणी एकाएकी चढते.

सामान्य चूक: साधनाच्या क्षमतेपेक्षा बारीक आकडा लिहिणे. सामूचा कागद एकेका एककाने रंग बदलत असेल तर ६.३७ असा आकडा वहीत येऊच शकत नाही. परीक्षक तो पाहताच पुढचे सगळे आकडे संशयाने वाचतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

## टप्पा ४: मृत द्रव्यासाठी तिसरा रकाना

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. पडलेला ओंडका, वाळलेला पाचोळा, सांबराची लेंडी, गोगलगायीचा रिकामा शंख, कात टाकलेल्या सापाची कात, वारूळ हे सजीव की निर्जीव? अनेक पाठ्यपुस्तके ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजून मातीत मिसळलेले द्रव्य, अजैविक (निर्जीव) घटकांत धरतात आणि त्यात चूक नाही. परंतु त्याच न्यायाने कुजणारा ओंडका खडकाच्या शेजारी लिहिला की परिसंस्थेतील अर्धा व्यवहारच नजरेआड होतो. त्या ओंडक्यात वाळवी आहे, बुरशीचे धागे आहेत, भुंग्यांच्या अळ्या आहेत; ओंडका निर्जीव असला तरी ती एक वसाहत आहे.

म्हणून सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये ‘सजीवांपासून आलेले मृत द्रव्य’ असा तिसरा रकाना ठेवावा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती कशापासून आली, सध्या तिच्यावर किंवा तिच्यात कोणते सजीव दिसतात, आणि ती पुढे कशात मिसळणार आहे. वारूळ याच रकान्यात येईल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वारुळाची माती निर्जीव, ती रचणारी वाळवी सजीव. म्हणून वारूळ दोन नोंदींत विभागावे आणि दोन्हींना बाणाने जोडावे.

पाचोळ्याच्या थराची जाडी पट्ट्यात ५ ठिकाणी मोजून सरासरी काढावी. ठिकाणे सोयीने निवडू नयेत. सुरुवातीपासून ५, १०, १५, २० आणि २५ मीटरांवर जे मिळेल तेच मोजावे. या जंगलात पानगळ मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते, त्यामुळे एप्रिलमध्ये जाड दिसणारा थर सप्टेंबरपर्यंत पार विरळ झालेला असतो. पाऊस आणि विघटक यांनी मिळून केलेले हे काम दोन आकड्यांत दाखवता येते.

इशारा: ओंडका किंवा दगड उलटा करू नये आणि पाचोळ्यात हात घालू नये. घोणस, फुरसे, विंचू यांची वस्ती तिथेच असते. जे वरून दिसते तेवढेच नोंदवावे.

## टप्पा ५: उत्पादकांची नोंद थरांनुसार करावी

झाडांची नावे सलग लिहून काढण्यापेक्षा उंचीचे थर पाडावेत: छत धरणारे मोठे वृक्ष, मधली झाडे, झुडपे, जमिनीलगतच्या वनस्पती, आणि वेली स्वतंत्र. या जंगलात वरच्या थरांत साग, ऐन, कळंब, काटेसावर, पळस भेटतात. कुडा, करवंद आणि कारवी खाली असतात. कोरड्या कातळाळ जागी पांढुरक्या खोडाचा कांडोळ उठून दिसतो. वाटेलगतच्या मोठ्या झाडांच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजावा, म्हणजे इतरांच्या मोजणीशी तुलना करता येते.

ओळख पटवताना केवळ मोबाइलवरील ॲपवर विसंबू नये. पानाची वरची आणि खालची बाजू, फांदीवरील पानांची मांडणी, साल आणि असल्यास फूल-फळ अशी छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावीत. नाव पटले नाही तर ‘अनोळखी क्र. ३’ असे लिहून वर्णन द्यावे. चुकीच्या नावापेक्षा ते केव्हाही बरे.

गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, घाणेरी, रानमोडी या मूळच्या परदेशी वनस्पतींपुढे तशी खूण करावी. खडकावरील आणि सालीवरील करडे-हिरवट पापुद्रे डाग समजून सोडले जातात किंवा खडकात धरले जातात. ते दगडफुलाचे असतात, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. त्यांना सजीवांतच जागा द्यावी.

इशारा: हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाटेवर लोंबतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि ओळखू न येणाऱ्या शेंगेला हात लावू नये.

## टप्पा ६: भक्षक आणि विघटक, पुराव्याच्या दर्जासह

प्रत्येक प्राण्यापुढे ‘प्रत्यक्ष पाहिला’, ‘खुणेवरून’ आणि ‘वाचून किंवा ऐकून’ यांपैकी एक शेरा हवाच. एका सकाळी बिबट्या दिसण्याची शक्यता नगण्य असते आणि तो दिसला नाही म्हणून प्रकल्पाचे गुण कमी होत नाहीत. न पाहिलेला बिबट्या पाहिला म्हणून लिहिल्यास मात्र होतात. मऊ मातीत ठसा मिळाला तर नखे पाहावीत: कुत्र्याच्या ठशात ती बहुधा उमटतात, बिबट्याच्या ठशात सहसा नाही. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे.

सफारीतील वाघ आणि सिंह या परिसंस्थेच्या अन्नजाळ्यात लिहू नयेत. ते कुंपणात ठेवलेले आहेत आणि त्यांना अन्न बाहेरून दिले जाते. तरीही जवळपास प्रत्येक वहीत अन्नसाखळीच्या टोकाला वाघ विराजमान असतो. या जंगलात मोकळा फिरणारा मोठा शिकारी बिबट्या आहे, आणि त्याच्या आहारात चितळासारख्या वन्य भक्ष्याबरोबर वस्त्यांलगतच्या भटक्या कुत्र्यांचाही वाटा असतो. म्हणजे शहराचा कचरा, त्यावर पोसलेला कुत्रा आणि तो कुत्रा मारणारा बिबट्या ही साखळी उद्यानाच्या भिंतीपाशी थांबत नाही. आकृतीत हद्द ठिपक्यांच्या रेषेने दाखवावी आणि हा बाण तिच्या आरपार काढावा.

लहान प्राण्यांना कमी लेखू नये. मुंग्या, कोळी, वाळवी, सुरवंट, गोगलगायी हे ३० मीटरच्या पट्ट्यात मोजता येतात. सांबर मोजता येत नाही. दोन पट्ट्यांतील खरी तुलना याच प्राण्यांवर होते.

विघटकांपैकी जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांची पुस्तकातील नावे पट्ट्याच्या तक्त्यात उतरवू नयेत. वाटेच्या कडेला उघड्या पडलेल्या पाचोळ्याच्या तळाशी दिसणारे पांढरे धागे, ओंडक्यावरची छत्रीसारखी बुरशी, पानाची उरलेली शिरांची जाळी हा पुरावा लिहावा. पण इथेही जपून राहावे: पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची उभ्या झाडावरील पाने जाळीदार झालेली दिसतात, ती विघटकांनी नव्हे तर एका पतंगाच्या अळ्यांनी खाल्लेली असतात. पान झाडावर होते की जमिनीवर, हे लिहिले नसेल तर भक्षकाचे काम विघटकाच्या नावावर जाते.

## टप्पा ७: दुवे जोडावेत

आता नवीन तक्ता आखावा. त्याचे रकाने असे: निर्जीव घटक व त्याचे माप, संबंधित सजीव, परिणाम कसा घडतो, पुरावा. प्रत्येक पट्ट्यासाठी ५ किंवा ६ दुवे पुरे. पण प्रत्येक दुव्यात किमान एक आकडा स्वतः मोजलेला असावा. निदान दोन दुवे उलट दिशेचे हवेत, म्हणजे सजीवाने निर्जीव घटक कसा बदलला हे सांगणारे: झाडांच्या छतामुळे खालची हवा किती अंशांनी थंड राहिली, पाचोळ्यामुळे उतारावरची माती किती ओली राहिली, मुळांनी ओढ्याचा काठ कुठे धरून ठेवला.

अन्नजाळ्यातील बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेचा मार्ग दाखवतो. कोण कोणाला खातो असे मनात म्हणत बाण काढला की तो हमखास उलटा येतो. सागाचे पान ते अळी, अळी ते पक्षी अशीच दिशा असावी. सर्व मृत द्रव्यांकडून विघटकांकडे आणि विघटकांकडून मातीतील पोषकद्रव्यांकडे जाणारे बाण विसरू नयेत. ते नसतील तर आकृतीतील माती पहिल्याच वर्षी नापीक होईल.

तपासा: आकृतीतील एखादा निर्जीव घटक खोडून पाहावा. त्यामुळे एकही सजीव अडचणीत येत नसेल तर तो घटक अजून जोडलेलाच नाही.

## टप्पा ८: ऋतू बदलून पुन्हा जावे

मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, त्यामुळे एकाच भेटीतले चित्र त्या ऋतूपुरते असते. मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तीन भेटी, त्याच पट्ट्यांवर, दिवसाच्या त्याच वेळी आणि त्याच साधनांनी कराव्यात. तीन शक्य नसतील तर मे आणि ऑगस्ट निवडावेत. फरक सर्वांत मोठा तिथेच दिसतो. काही गोष्टी तीन भेटींतही हाती लागत नाहीत. उतारावरची कारवी ८ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. मधल्या वर्षांत गेलेल्याला फूल दिसणार नाही आणि फुलोऱ्यानंतर गेलेल्याला वाळलेल्या काठ्यांचे रान दिसेल. त्या काठ्या तिसऱ्या रकान्यात जातील आणि त्यांच्याखाली उगवणारी रोपे पाचव्या टप्प्यातील सर्वांत खालच्या थरात.

अहवालात प्रत्येक तक्त्यावर तारीख, वेळ, मागील २४ तासांत पाऊस झाला होता की नाही, आणि मोजणाऱ्याचे नाव असावे. मूळ नोंदवही, तिच्यावरील चिखलाच्या डागांसह, जोडपत्र म्हणून द्यावी. सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलेली प्रत तिच्या जागी चालत नाही. परवानगी देणाऱ्या कार्यालयाला अहवालाची एक प्रत नेऊन द्यावी. पुढच्या तुकडीचा अर्ज त्याच टेबलावर जाणार असतो.